नऊ मुलांची शाळा आणि दोन मुलांची आई

पत्राचा सारांश (ओळख पटेल असे तपशील वगळून) : रत्नागिरी जिल्ह्यातील एका वाडीतून एका आईने लिहिले आहे. वाडीत जिल्हा परिषदेची पहिली ते चौथीची शाळा आहे आणि पत्रलेखिका त्या शाळेच्या व्यवस्थापन समितीच्या अध्यक्ष आहेत. यंदाचा पट नऊ आहे : पहिलीत एक, दुसरीत तीन, तिसरीत दोन, चौथीत तीन. त्यांची मुलगी दुसरीत आहे आणि मुलगा येत्या जूनमध्ये पहिलीत जाईल. अंगणवाडीत पाच मुले आहेत. त्यांतील हा मुलगा आणि आणखी एक मुलगी अशी दोघेच पुढच्या वर्षी पहिलीला पात्र होतात. शाळेला शिक्षकांची दोन पदे मंजूर आहेत, पण एक शिक्षिका ऑगस्टपासून दुसऱ्या शाळेत कामगिरीवर आहेत, त्यामुळे चारही इयत्ता एकटे गुरुजी सांभाळतात. दोन्ही मुलांना चौदा किलोमीटरवरच्या इंग्रजी माध्यमाच्या खाजगी शाळेत घालावे, असा पतीचा आणि सासूबाईंचा आग्रह आहे. त्या शाळेची व्हॅन सकाळी सातला फाट्यावर येते आणि पहिलीच्या एका तुकडीत बेचाळीस मुले आहेत. पाचवीपासून वाडीतली मुले साडेतीन किलोमीटरवरच्या केंद्रशाळेत, म्हणजे आसपासच्या छोट्या शाळांच्या मुख्य शाळेत, जातात, असा ओझरता उल्लेखही पत्रात आहे. नावे इथेच ठेवून मुले तिकडे पाठवावीत, असेही एका हितचिंतकाने सुचवले आहे. "मी मुले काढली तर शाळा बंद पडेल आणि अध्यक्षानेच शाळा बुडवली असे लोक म्हणतील, नाही काढली तर मुलांचे नुकसान केले असे घरचे म्हणतील," असे त्या लिहितात.

ताई,

तुम्ही पट इयत्तावार लिहून पाठवलात, याबद्दल आधी तुमचे आभार मानतो. शाळेचा पट घसरल्याची पत्रे माझ्याकडे बरीच येतात, पण कोणत्या इयत्तेत किती मुले आहेत हे त्यांत क्वचितच असते. तुमच्या पत्रात ते आहे, आणि तुमच्या मनावरचे निम्मे ओझे त्या आकड्यांवरूनच उतरेल असे मला वाटते. म्हणून मुलांच्या शिक्षणाकडे वळण्यापूर्वी आपण थोडी बेरीज-वजाबाकी करू.

यंदाच्या नऊ मुलांपैकी चौथीतली तिघे मे महिन्यात बाहेर पडतील. उरलेल्या सहांत पहिलीची दोन नवी मुले मिळवली की पुढच्या वर्षीचा पट आठ होतो. तुमची दोन्ही मुले काढली तर तो सहा राहतो. आता त्याच्या पुढचे वर्ष पाहा. तेव्हा चौथीतली दोघे जातील आणि अंगणवाडीत आज उरलेल्या तिघांपैकी जी पात्र होतील ती येतील. तिन्ही एकदम आली तरी पट नऊच्या वर जात नाही. तिसऱ्या वर्षी, म्हणजे तुमचा मुलगा तिसरीत असताना, आजचे पहिलीतले एक मूल चौथीत असेल, तुमचा मुलगा आणि त्याची सोबतीण तिसरीत असतील, आणि खालच्या दोन इयत्तांत मिळून ती तिघे असतील. एकूण सहा. वाडीतून एकही मूल बाहेर गेले नाही, एकाही पालकाचे मन इंग्रजी माध्यमाकडे वळले नाही, तरीही सहाच. बाहेरून एखादे कुटुंब राहायला आले तर हा आकडा एक-दोनने वाढेल, आणि एखादे मुंबईला गेले तर तितकाच घटेल.

"मी मुले काढली तर शाळा बंद पडेल" हे तुमचे गृहीतक या हिशेबापुढे फारसे टिकत नाही. शाळा आठ मुलांची असो वा सहा मुलांची, शासनाच्या कोणत्याही यादीत ती एकाच रकान्यात बसते. डिसेंबर २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे तेराशे शाळांतील मुलांना जवळच्या शाळांत सामावून घेण्याचा निर्णय झाला, तेव्हा सीमारेषा दहा होती. २०२२ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांची माहिती मागवली गेली. सप्टेंबर २०२३ मध्ये पानशेत आणि तोरणमाळचे नमुने समोर ठेवून समूह शाळांचे, म्हणजे अनेक छोट्या शाळा एकत्र करून एक मोठी शाळा करण्याचे, प्रस्ताव मागवण्यात आले. यांतल्या प्रत्येक वेळी गावोगावी विरोध झाला, काही ठिकाणी निर्णय मागे घेतले गेले, काही ठिकाणी ते तसेच राहिले. तुमची शाळा या सगळ्या याद्यांमध्ये आजच आहे. तुमची दोन मुले राहिल्याने ती यादीतून वगळली जाणार नाही आणि गेल्याने ती नव्याने यादीत येणार नाही. लोक काय म्हणतील हा प्रश्न उरतो हे मला मान्य आहे, पण तो प्रश्न निराळा आहे आणि त्याकडे मी नंतर येतो.

पट का घटला, याविषयी तुमच्या वाडीत तीन-चार मते असतील : गुरुजी लक्ष देत नाहीत, इंग्रजी शाळांनी मुले पळवली, सरकारला शाळा नकोच आहेत. यांत थोडेथोडे तथ्य असेलही. पण सगळ्यात मोठे कारण बहुधा वाडीतल्या घरांच्या कुलपांमध्ये आहे. २००१ ते २०११ या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या वाढत असताना रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली आणि सिंधुदुर्गाचीही घटली. गेले ते प्रामुख्याने कमावते, म्हणजेच ज्यांच्या घरी पाळणा हलायचा ते. शिवाय राज्याचा एकूण जननदर, म्हणजे एका स्त्रीला सरासरी होणारी मुले, २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २.१ होता, तो २०१९-२१ च्या पाहणीत १.७ वर आला. जिथे एका घरातून तीन-चार भावंडे एकापाठोपाठ शाळेत यायची, तिथे आता एक किंवा दोन येतात आणि पुष्कळ घरांतून कोणीच येत नाही. हे केवळ कोकणाचे नाही : 'असर' या ग्रामीण शालेय शिक्षणाच्या पाहणीत २०२४ साली देशाच्या ग्रामीण भागातील निम्म्याहून अधिक सरकारी प्राथमिक शाळांचा पट साठच्या खाली आढळला. वाडीतल्या शाळा ज्या काळात बांधल्या गेल्या, त्या काळातली मुलांची संख्या आता त्या वाड्यांत नाही. त्याचा दोष तुमच्या गुरुजींच्या माथी मारू नका आणि स्वतःच्या माथी तर मुळीच घेऊ नका.

आता मुलांच्या शिकण्याविषयी.

तुमचे पती म्हणतात की नऊ मुलांच्या शाळेत मुलांचे नुकसान होते. ते बेचाळीस मुलांच्या तुकडीबद्दल काय म्हणतात, हे तुम्ही लिहिलेले नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्राथमिक शाळेसाठी तीस मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण आहे आणि ते खाजगी शाळांनाही लागू आहे. लहान वर्गांचा लाभ किती होतो, यावर अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात १९८५ ते १९८९ या काळात मोठा प्रयोग झाला. त्यात तेरा ते सतरा मुलांचे वर्ग आणि बावीस ते पंचवीस मुलांचे वर्ग यांची तुलना केली तेव्हा लहान वर्गातली मुले वाचनात आणि गणितात पुढे राहिली, आणि सर्वात खालच्या इयत्तांत हा फरक चांगलाच ठळक होता. त्या प्रयोगातला 'मोठा' वर्गसुद्धा पंचविसांचा होता, एवढे लक्षात घ्या. शाळेच्या पाच तासांची तीनशे मिनिटे नऊ मुलांत वाटली तर एकेकाच्या वाट्याला तेहेतीस मिनिटे येतात, बेचाळीस मुलांत वाटली तर सात. हा हिशेब ढोबळ आहे, शिक्षण असे पावशेराने मोजून दिले जात नाही. तरीही सहा वर्षांचे मूल अक्षर गिरवताना पेन्सिल कशी धरते, हे बघायला शिक्षकाला सवड मिळते की नाही, ते या हिशेबातून कळते.

पण इथे थांबून मला तुमच्या बाजूच्या एका गृहीतकालाही हात घालायचा आहे. नऊ मुलांचा एक वर्ग आणि चार इयत्तांची मिळून नऊ मुले या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. टेनेसीतल्या वर्गात एकच इयत्ता होती आणि तिला पूर्ण वेळ शिक्षक होता. तुमच्या गुरुजींनी चार इयत्तांना सारखा वेळ दिला तर प्रत्येकीच्या वाट्याला सव्वा तास येतो. त्यातून पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती भरणे, केंद्रावरच्या बैठका आणि निवडणुकीची कामे वजा करायची. गुरुजी तालुक्याला गेले की त्या दिवशी शाळा कोण चालवते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असेल. बहुवर्ग अध्यापन नीट जमले तर फार सुंदर होते : मोठी मुले धाकट्यांना शिकवतात आणि शिकवताना स्वतः पक्की होतात, हुशार मूल वरच्या इयत्तेचे ऐकून पुढे जाते, मागे पडलेले मूल खालच्या इयत्तेबरोबर बसून पुन्हा शिकते आणि त्याची कोणी थट्टा करत नाही. आंध्र प्रदेशातल्या ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण शाळांनी यासाठी कार्डांची एक पद्धतच उभी केली, आणि आपल्याकडे साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या साध्या जिल्हा परिषद शाळांतले ज्ञानरचनावादी, म्हणजे मुलांनी स्वतः करून शिकण्याचे, वर्ग पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले. मात्र त्याला तयारी लागते, साहित्य लागते आणि जागेवर असणारा शिक्षक लागतो. चार इयत्तांना चार काळे फळे वाटून द्यायचे आणि आलटून पालटून पाढे म्हणवून घ्यायचे, याला बहुवर्ग अध्यापन म्हणता येत नाही.

तुमच्या शाळेत यांपैकी काय चालते, हे मला पत्रावरून कळत नाही, आणि खरे सांगायचे तर समितीच्या अध्यक्ष असूनही ते तुम्ही लिहिलेले नाही. मुलीला वाचता येते का? 'असर'च्या पाहणीत जी चाचणी वापरतात ती अगदी साधी आहे : अक्षरे, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा उतारा आणि दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. ती घरच्या ओटीवर दहा मिनिटांत घेता येते. मुलीने ती गोष्ट न अडखळता वाचली आणि हातच्याची वजाबाकी केली, तर शाळेत तिचे नुकसान होते आहे हे म्हणणे गळून पडते. ती शब्दांवरच अडली तर पतीच्या काळजीला आधार आहे, आणि मग तुम्ही अध्यक्ष आहात म्हणून ती काळजी बाजूला सारू नये. हीच चाचणी तुमच्या नात्यातल्या, त्या खाजगी शाळेत जाणाऱ्या एखाद्या मुलाचीही घ्या, त्याला इंग्रजीतला उतारा द्या, आणि वाचून झाल्यावर त्यात काय सांगितले आहे ते मराठीत विचारा. पुष्कळ मुले इंग्रजी उतारा घडाघडा वाचतात आणि त्यातले ओ की ठो सांगू शकत नाहीत, असे मी अनेक घरांत पाहिले आहे.

त्या शाळेबद्दल मी तुम्हाला नको म्हणून सांगणार नाही, कारण मी ती पाहिलेली नाही. प्रवेशाच्या दिवसांत जाऊ नका, एखाद्या साध्या मंगळवारी जा. शाळेला शासनमान्यता आहे का आणि तिचा यू-डायस क्रमांक, म्हणजे शासनाच्या नोंदीतला शाळेचा क्रमांक, कोणता, हे विचारा. पहिलीला शिकवणाऱ्या बाईंचे शिक्षण काय आहे आणि त्या किती वर्षे तिथे आहेत, हेही विचारा. दर वर्षी बाई बदलत असतील तर बेचाळीसचा आकडाही दुय्यम ठरतो. खर्च जोडताना शुल्क, व्हॅन, गणवेश आणि पुस्तके यांच्याबरोबर शिकवणीही धरा, कारण घरात कोणाला इंग्रजी येत नसेल तर पहिल्याच वर्षी शिकवणी लागते. व्हॅनचा परवाना शाळकरी मुलांच्या वाहतुकीचा आहे का आणि जुलैत पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, पाणी आले की ती कुठून वळते, हे चालकालाच विचारावे. सकाळी सातला फाट्यावर उभे राहायचे म्हणजे सहा वर्षांच्या मुलाला साडेपाचला उठवायचे, आणि आपल्याकडचे पावसाळ्याचे चार महिने कसे असतात ते मी तुम्हाला काय सांगू. इंग्रजीची गरज खोटी नाही. पण महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. ते कितपत शिकवले जाते, हे पाहण्याचा अधिकार समितीला आहे आणि तो आपल्याकडच्या समित्या क्वचितच वापरतात.

लहान शाळेविरुद्धचा जो मुद्दा मला सर्वात खरा वाटतो तो घरच्यांनी मांडलेलाच नाही, आणि तो म्हणजे सोबतीचा. कबड्डीच्या एका संघात सात खेळाडू लागतात. तुमच्या शाळेत एक संघ आणि दोन राखीव एवढीच मुले आहेत, समोर उभे राहायला कोणी नाही. तुमच्या मुलीला तिच्या इयत्तेत आणखी दोन सोबती आहेत, हे तिचे नशीब. भांडायला, चढाओढ करायला आणि उत्तर ताडून पाहायला तीन मुले पुरतात. मुलाला मात्र एकच सोबतीण असेल, आणि तिच्या घरच्यांनी मुंबई गाठली तर तो एकटा उरेल. तुम्ही पत्रभर "मुले" असे लिहिले आहे, जणू दोघांचा निर्णय एकच असायला हवा. मला तसे वाटत नाही. मुलीची दोनच वर्षे उरली आहेत, तिला सोबती आहेत, आणि ती वाचत असेल तर तिला हलवण्याचे कारण मला दिसत नाही. मुलाची चार वर्षे पुढे आहेत आणि त्याच काळात शाळा सहावर येणार आहे. दोन भावंडे दोन शाळांत घालणे गैरसोयीचे असते, धाकटा रडतो, डबे दोन वेळांना करावे लागतात, हे सगळे मान्य करूनही निर्णय दोघांचा स्वतंत्रपणे करून पाहा, एवढेच माझे म्हणणे आहे.

आणि तुमच्या पत्रात तिसरी वाट अर्ध्या वाक्यात येऊन गेली आहे, ती म्हणजे केंद्रशाळा. पाचवीपासून वाडीतली मुले तिथे जातातच. तिथे प्रत्येक इयत्तेला पुरेशी मुले असतील, एकाहून अधिक शिक्षक असतील, शिक्षण मराठीतून आणि विनाशुल्क असेल, आणि अंतर चौदाऐवजी साडेतीन किलोमीटर असेल. घरात वाद "वाडीची शाळा की इंग्रजी शाळा" असा मांडला गेल्यामुळे ही वाट कोणालाच दिसलेली नाही. घरच्यांची खरी तक्रार एका शिक्षकाची आणि तुरळक मुलांची असेल, तर तिचे उत्तर केंद्रशाळेतही मिळते. त्यांना इंग्रजी शाळाच हवी असेल तर तसे त्यांनी स्पष्ट म्हणावे, म्हणजे चर्चा पटावरून न होता माध्यमावरून होईल. तुम्ही आधी केंद्रशाळेत जाऊन यावे. तिथल्या पहिलीत किती मुले आहेत, शिक्षकांची किती पदे भरलेली आहेत, आणि मुख्य म्हणजे वाडीतून तिथवर लहान मुलाला कोण नेणार, हे पाहावे. सहा वर्षांच्या मुलाला रोज सात किलोमीटर चालवणे हा पर्याय नाही. कायद्याच्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीच्या मुलाला शाळा एक किलोमीटरच्या आत मिळायला हवी, आणि तशी नसेल तर वाहतुकीची सोय किंवा भत्ता देणे शासनाकडे येते.

नावे इथे ठेवून मुले तिकडे पाठवण्याची सूचना करणारे गृहस्थ तुमचे हितचिंतक असतील, पण ती वाट धरू नका. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर तीन दिवस पटपडताळणी झाली आणि मुलांच्या बोटांना मतदानासारखी शाई लावून ती मोजली गेली, ते अशाच कागदी मुलांमुळे. आता सरल आणि यू-डायस प्लस या शासनाच्या ऑनलाइन प्रणालींवर मुलाची नोंद आधारशी जोडलेली असते. एक मूल दोन शाळांत दिसले तर दोन्हीकडे अडते, आणि चौकशी आली तर गुरुजींच्या नोकरीवर बेतते. शिवाय ज्या मुलाचे नाव एका शाळेत आणि दप्तर दुसऱ्या शाळेत असते, ते दाखला काढायच्या वेळी लटकते.

आता समितीकडे वळू, कारण तुमच्यासारख्या प्रश्नात अडकलेले अध्यक्ष या राज्यात हजारो असतील. बहुतेक समित्या पट घसरला की घरोघर फिरून "मूल पाठवा हो" अशी विनवणी करतात. ती करायला हरकत नाही, पण जी मुले जन्मालाच आलेली नाहीत त्यांना विनवणी ऐकू जात नाही. त्याऐवजी पहिले काम यादीचे. अंगणवाडी सेविकेच्या नोंदवहीवरून शून्य ते सहा वयाच्या प्रत्येक मुलाचे नाव, जन्मतारीख आणि कुटुंब वर्षभर वाडीतच राहते की नाही हे उतरवून घ्या. पहिलीच्या प्रवेशासाठी ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षे पूर्ण होणे धरतात, त्यानुसार कोणते मूल कोणत्या जूनमध्ये येईल ते पाच वर्षांसाठी मांडा. मी वर जो हिशेब केला तो तुमच्या पत्रातल्या त्रोटक माहितीवरचा आहे. यादीवरचा हिशेब त्याहून नेमका येईल. तो ग्रामसभेत वाचून दाखवा, म्हणजे कोणाच्या दोन मुलांनी शाळा बुडवली ही भाषा आपोआप कमी होईल.

दुसरे काम तातडीचे आहे. साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक, असे शिक्षण हक्क कायद्याचे परिशिष्ट सांगते आणि त्यात खालची मर्यादा दिलेली नाही. मधल्या काळात शासन निर्णयांनी संचमान्यतेचे, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदे मंजूर करण्याचे, निकष बदलले, छोट्या शाळांत कंत्राटी शिक्षक नेमण्याचे प्रयोगही झाले, आणि या बाबतीत नियम वर्षा-दोन वर्षांनी हलत असतात, म्हणून आजचा निकष केंद्रप्रमुखांकडून लेखी घ्या. पण तुमच्या शाळेची दुसरी शिक्षिका पटाच्या निकषामुळे गेलेली नाही, ती कामगिरीवर गेली आहे. पद तुमचे आहे, माणूस दुसरीकडे आहे. आपल्या जिल्ह्यात आंतरजिल्हा बदल्यांनंतर पदे रिकामी राहतात आणि मग एका शाळेचे ठिगळ काढून दुसरीला लावले जाते, हे तुम्ही जाणताच. समितीचा ठराव करा, तो गटशिक्षणाधिकाऱ्यांना पाठवा, पोच घ्या, आणि महिन्याने स्मरणपत्र द्या. हा ठराव गुरुजींच्या विरोधात नाही, हे त्यांना आधी विश्वासात घेऊन सांगा. वाडीच्या शाळेत दुसरी शिक्षिका परत आली तर तुमच्या घरातला वादही निम्म्याने सुटेल अशी माझी अटकळ आहे.

तिसरे काम सांगायला मला जड जाते, पण सांगतो. यादीवरून पट सहाच्या खालीच जाणार असे दिसले, तर आदेश येण्याची वाट न पाहता समितीने स्वतःच मुलांना केंद्रशाळेत नेण्याचा विचार मांडावा. एकेक मूल गळत शाळा शून्यावर आली तर शेवटी उरलेल्या दोन मुलांचे, म्हणजे बहुधा वाडीतल्या सर्वात गरीब घरच्या मुलांचे, हाल होतात. त्यांच्यासाठी अटी घालायला कोणी उरत नाही. सगळी मुले एकत्र जात असतील तर वाहनाची मागणी करता येते, वाहनात मुलांबरोबर वाडीतली एक बाई असावी असे म्हणता येते, आहार शिजवणाऱ्या ताईंचे काम कुठे जाईल हे विचारता येते, आणि इमारत अंगणवाडीसाठी किंवा संध्याकाळच्या अभ्यासिकेसाठी वाडीकडेच राहावी असा ठराव करता येतो. मुंबईला गेलेल्या वाडीकरांचे तुमचे मंडळ शाळेला नक्की काही ना काही देत असेल. भिंतींना रंग आणि वर्गात मोठा टीव्ही यांवर आजवर पुष्कळ खर्च झालेला मी पाहिला आहे. पुढच्या गणपतीत मंडळी आली की त्यांच्याकडे वाहनाच्या डिझेलचे आणि सोबतीच्या बाईच्या मानधनाचे पैसे मागा.

पट वाढल्याची उदाहरणे तुमच्या कानावर आली असतील, आणि ती खरी आहेत. पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातली जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा तीन मुलांवर आली होती. लोकसहभाग आणि मुलांनी मुलांना शिकवण्याची पद्धत यांच्या जोरावर तिचा पट शंभराच्या पुढे गेला आणि २०२५ मध्ये तिला जागतिक पातळीवरचा पुरस्कार मिळाला. त्या शाळेचे काम पाहण्यासारखे आहे आणि त्यातली मुलांनी शिकवण्याची रीत तुमचे गुरुजी उद्यापासून करून पाहू शकतात. मात्र खेड हा चाकणच्या कारखान्यांचा तालुका आहे. चांगली शाळा झाली की मुले आणायला तिथे माणसे आहेत. ज्या वाडीत बंद घरे उघड्या घरांहून जास्त आहेत, तिथे शाळा कितीही चांगली झाली तरी ती भरेलच असे नाही, आणि न भरल्यास ते तुमचे किंवा गुरुजींचे अपयश मानू नये.

लोकांच्या बोलण्याविषयी नंतर सांगतो म्हणालो होतो. समितीतले तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि अध्यक्षही पालकांतूनच निवडला जातो. म्हणजे कायद्याने तुम्हाला या खुर्चीवर बसवले ते आई म्हणून. मुलगी इथे राहिली तर अध्यक्षपद राहते, आणि मुलासाठी केंद्रशाळा निवडली तर ते तुम्ही बैठकीत कारणासह सांगावे, कुजबुजीतून लोकांना कळू देऊ नये. दोघांनाही हलवायचे ठरले तर जूनपर्यंत लपवून ठेवू नका. दिवाळीनंतरच्या पहिल्या बैठकीत सांगा आणि त्याआधी गुरुजींच्या कानावर घाला, कारण ३० सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता ठरते आणि पुढच्या वर्षीचे गणित त्यांनाही मांडायचे असते. शाळा सोडल्याचा दाखला मागणे हा पालकाचा हक्क आहे, त्यासाठी अपराध्यासारखे उभे राहायचे कारण नाही. सासूबाईंशी आणि पतीशी बोलताना मुलीला ओटीवर गोष्ट वाचायला सांगा आणि ती वाचत असताना त्यांना तिथेच बसवा. तुमच्या-माझ्या युक्तिवादापेक्षा त्यांना तेच जास्त पटेल.

पद सोडायची वेळ आलीच तर इतिवृत्ताची वही नुसती सोपवू नका. अंगणवाडीतून उतरवलेली मुलांची ती यादी, पाच वर्षांच्या मांडणीसह, वहीच्या शेवटच्या पानावर चिकटवा, गटशिक्षणाधिकाऱ्यांना दिलेल्या ठरावाची पोच तिच्याखाली टाचा, आणि मग नव्या अध्यक्षांच्या हाती द्या.